लाखात एखादीला होणारा आजार आमच्याच लेकीला कसा?

(पत्राचा सारांश. ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.)

बीड जिल्ह्यातील एका गावातून हे पत्र आले आहे. पत्र लिहिणाऱ्या बाई आणि त्यांचे पती दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. त्यांची १६ वर्षांची मुलगी वसतिगृहात राहून अकरावीला विज्ञान शाखेत शिकते. गेल्या काही आठवड्यांत तिचे ओटीपोट फुगल्यासारखे दिसू लागले आणि अधूनमधून दुखूही लागले. गावाजवळच्या दवाखान्यात लघवीची तपासणी केली, तेव्हा गरोदरपणाच्या पट्टीवर दुसरी रेघ फिकट का होईना उमटली आणि घरात आकांत झाला. मुलगी रडून सांगत होती की तसे काहीही घडलेले नाही. नंतर जिल्ह्याच्या ठिकाणी सोनोग्राफी झाली. गर्भाशय रिकामे होते, मात्र उजव्या अंडाशयात १४ सेंटिमीटरची भरीव गाठ दिसली; रक्तात एएफपी हे अशा काही गाठींतून येणारे द्रव्य पुष्कळ वाढलेले आणि बीटा एचसीजी थोडे वाढलेले निघाले. डॉक्टरांनी 'जर्म सेल ट्यूमर', म्हणजे जननपेशींपासून होणारी गाठ असण्याची शक्यता सांगितली, हा आजार क्वचित होतो असेही सांगितले आणि कर्करोग रुग्णालयात जाण्यासाठी चिठ्ठी दिली.

बाई विचारतात : इतका क्वचित होणारा आजार आमच्याच लेकीला कसा होईल? तपासणी चुकली नसेल कशावरून? आमच्या भागात बायकांच्या पिशव्या ऊठसूट काढल्या गेल्या, त्यातलाच हा प्रकार नाही ना? मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली आहे. कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, ऑपरेशन केले तर चालेल का? अंडाशय काढल्यावर तिच्या लग्नाचे आणि मूलबाळाचे काय? भावकीत कुजबूज सुरू आहे, जाऊबाई म्हणतात की मुलीची 'तपासणी' करून कागद आणा. तो आणावा का? आणि धाकट्या मुलालाही हे होईल का?

ताई,

उत्तरातली एक गोष्ट शेवटापर्यंत थांबू शकत नाही, म्हणून ती आधीच सांगते. या गाठीसाठी पट्टा पडण्याची वाट पाहता येणार नाही. एएफपी वाढवणाऱ्या या गाठी आठवड्यांच्या हिशेबाने वाढतात, आणि दिवाळी ते मार्च-एप्रिल हा काळ त्यांच्यासाठी फार मोठा आहे. शिवाय एवढ्या मोठ्या गाठीच्या भाराने अंडाशयाला पीळ पडू शकतो. लेकीला अचानक असह्य दुखू लागले, त्याबरोबर उलट्या झाल्या, तर कर्करोग रुग्णालयात मिळालेल्या तारखेकडे न पाहता, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात त्याच क्षणी न्या आणि सोनोग्राफीचा कागद सोबत ठेवा. एवढे मनाशी पक्के झाले की बाकीचे प्रश्न नीट बोलता येतील.

आजार क्वचित होतो हे डॉक्टरांचे म्हणणे खरे आहे. ज्या देशांत कर्करोगाच्या नोंदी पुष्कळ वर्षे काटेकोरपणे ठेवल्या गेल्या आहेत, तिथे १५ वर्षांखालील मुलांच्या एकूण कर्करोगांत जननपेशींच्या गाठींचा वाटा शेकडा ३ च्या आसपास आढळतो. पण १५ ते १९ या वयात तोच वाटा शेकडा १४ च्या घरात जातो, म्हणजे तुमच्या लेकीच्या वयातच हा आजार इतर कर्करोगांच्या तुलनेत ठळकपणे दिसू लागतो. आता तुमचा प्रश्न थोडा वेगळ्या बाजूने पाहा. रस्त्याने जाणाऱ्या शंभर मुलींपैकी एखादीला हा आजार असेल का, असे विचारले तर उत्तर 'जवळजवळ नक्कीच नाही' असे आहे. मात्र विशीच्या आतल्या मुलीच्या अंडाशयात गाठ सापडली आहे, तर ती कसली असेल, असे विचारले की उत्तर पालटते, कारण या वयातल्या अंडाशयाच्या गाठींपैकी निम्म्याहून अधिक याच कुळातल्या असतात. तुमच्या डॉक्टरांसमोर हा दुसरा प्रश्न होता. त्यांनी सांगितलेली शक्यता त्या वयाला आणि त्या जागेला सर्वांत जुळणारी आहे, आणि 'क्वचित' या शब्दावरून तपासणी चुकली असा निष्कर्ष निघत नाही.

दुसरे असे की क्वचित होणारा आजारही कोणाच्या तरी घरी होतोच. निव्वळ हिशेब समजावा म्हणून धरू या की एखादा आजार वर्षाला लाखात एकाला होतो. २०११ च्या जनगणनेत मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांची लोकसंख्या सुमारे १.८७ कोटी होती, म्हणजे त्या हिशेबाने एकट्या मराठवाड्यात वर्षाला पावणेदोनशेहून अधिक घरांत तो आजार निघेल, आणि तरीही बहुतेक गावांना त्याचे नाव ठाऊक नसेल. 'आमच्या पंचक्रोशीत असे कधी झाले नाही' असे तुम्ही लिहिता. मला वाटते, झाले असेल तरी त्याला नाव मिळाले नसेल. तुमच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील परंडा आणि भूम हे तालुके आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुका मिळून १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीला सुरू झाली. तिच्या कार्यकर्त्यांना गावोगाव जाऊन लोकांशी बोलावे लागले, कारण पोटात गोळा होऊन गेलेल्या माणसाची नोंद 'पोटदुखीने गेला' एवढीच राहत असे. शहरातला किंवा श्रीमंतांचा म्हणून वेगळा असा हा आजार नाही.

आता हा आजार शरीरात कुठे होतो ते थोडे सविस्तर सांगते, कारण 'आमच्याच लेकीला कसा' या प्रश्नातला दोषाचा काटा मला वाटते तिथेच निघेल.

ज्या पेशींपासून पुढे स्त्रीची बीजांडे आणि पुरुषाचे शुक्राणू तयार होतात, त्या पेशी गर्भात अगदी लवकर वेगळ्या पडतात. गर्भ चौथ्या आठवड्यात असताना त्या त्याच्या शरीराबाहेर, पीतक पिशवीच्या भिंतीत असतात. तिथून पुढच्या सुमारे दोन आठवड्यांत आतड्याच्या कडेने सरकत सरकत त्या कमरेच्या पातळीवर येतात, आणि तिथे त्यांच्याभोवती अंडाशय किंवा वृषण घडू लागतो. हा प्रवास शरीराच्या मध्यरेषेलगत होतो. तिफणीने पेरताना काही दाणे तासात न पडता धुऱ्यावर पडतात आणि तिथेच उगवतात, तशा काही पेशी वाटेत मागे राहत असाव्यात, हे शास्त्रज्ञांचे फार वर्षांपासूनचे स्पष्टीकरण आहे. म्हणूनच या गाठी अंडाशय आणि वृषण सोडून जिथे जिथे होतात, त्या जागा बहुतेक मध्यरेषेवरच सापडतात : माकडहाडापाशी, पोटाच्या मागच्या बाजूला कण्यालगत, छातीत दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत, आणि मेंदूच्या मधोमध.

जागा वयाप्रमाणे बदलते. नवजात बाळात ही गाठ बहुधा माकडहाडापाशी असते. साधारण ३५ ते ४० हजार जन्मांमागे एका बाळात ती आढळते, मुलांपेक्षा मुलींमध्ये तीन-चार पट अधिक, आणि नवजात बाळांतल्या गाठींमध्ये तीच सर्वांत जास्त दिसणारी आहे. मेंदूतली गाठ दहा ते वीस या वयात, मुलग्यांमध्ये अधिक, आणि जपानसारख्या पूर्वेकडच्या देशांत इतर ठिकाणांपेक्षा जास्त आढळते. छातीतली कर्करोगाची गाठ जवळजवळ नेहमी तरुण पुरुषांत असते. वृषणाच्या कर्करोगांपैकी शंभरात ९५ याच जातीचे असतात. ते पंधरा ते चाळीस या वयात होतात. नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये वर्षाला लाख पुरुषांमागे सुमारे दहा जणांना हा कर्करोग होतो, तर भारतात हे प्रमाण लाखामागे एकाहूनही कमी आहे. अंडाशयाच्या बाबतीत सगळ्या वयांच्या स्त्रियांतल्या एकूण गाठी धरल्या, तर साधारण पाचवा ते चौथा हिस्सा या कुळातला असतो. पण त्यांतल्या बहुतेक 'डर्मॉइड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साध्या गाठी असतात, ज्यांना कर्करोग म्हणत नाहीत. या पेशींमध्ये शरीराची कोणतीही ऊती बनण्याची क्षमता असल्यामुळे डर्मॉइडमध्ये केस, चरबी, कधी दातसुद्धा निघतो. एखाद्या बाईच्या पोटातून केसांचा पुंजका निघाला म्हणून करणीची चर्चा झालेली तुम्हीही ऐकली असेल. तिचा उगम अशा गाठीत असू शकतो.

ताई, ज्या पेशींची ही गोष्ट आहे, त्या तुमची लेक तुमच्या पोटात जेमतेम महिन्याभराची असताना वेगळ्या पडलेल्या आहेत. अंडाशयातली गाठ त्या पेशी नीट मुक्कामी पोहोचल्यावर, पुढे कधीतरी त्यांच्यातल्या एखादीची वाढ बिघडल्याने होते. वसतिगृहातले जेवण, उशिरापर्यंतचा अभ्यास, तुम्ही गरोदरपणी फडात केलेले काम, कोणाची नजर, किंवा मुलीचे वागणे, यांतल्या कशानेही ती झाल्याचे आढळलेले नाही. हा आजार संसर्गाने पसरत नाही. बहुतेक मुलींमध्ये तो घराण्यातूनही येत नाही.

गरोदरपणाच्या पट्टीमुळे तुमच्या घरात जे घडले, त्याबद्दल मला फार वाईट वाटते, आणि हा भाग इतर वाचकांनीही लक्षपूर्वक वाचावा अशी माझी इच्छा आहे. ती पट्टी लघवीत एचसीजी नावाचे संप्रेरक आहे की नाही एवढेच पाहते. गरोदरपणात ते वारेतून येते, आणि जननपेशींच्या काही गाठींमध्ये त्याच प्रकारच्या पेशी तयार होत असल्यामुळे गाठही ते रक्तात सोडते. त्यामुळे कधीही कोणाच्या जवळ न गेलेल्या मुलीच्या पट्टीवर रेघ उमटू शकते. वृषणात अशी गाठ असलेल्या तरुणाच्या लघवीनेही ती उमटू शकते. तुमच्या लेकीने पहिल्या दिवसापासून खरे सांगितले होते. तिच्याजवळ बसून तुम्ही आणि तिच्या वडिलांनी हे तिला स्पष्ट शब्दांत सांगावे. ऑपरेशनच्या टेबलावर जाण्यापूर्वी तिला ते ऐकायला मिळणे फार गरजेचे आहे.

जाऊबाई सुचवतात तो कागद मात्र आणू नका. कौमार्याच्या तथाकथित तपासणीला वैद्यकशास्त्रात कोणताही आधार नाही, आणि पोटातल्या गाठीने त्रासलेल्या मुलीला त्या अपमानातून नेणे हा तिच्यावर अन्याय होईल. आधी नाव स्वच्छ करायचे आणि मग उपचाराला लागायचे, अशी मांडणी तुमच्या मनात झालेली दिसते. ती मला मान्य नाही. तुम्हाला भावकीपुढे काहीही सिद्ध करायचे नाही. कोणी विचारलेच, तर 'अंडाशयात गाठ झाली आहे, ऑपरेशन आहे' एवढे एक वाक्य घरातल्या सगळ्यांनी सारखेच सांगावे. लपवालपवीतून जितक्या कथा निघतात, तितक्या सरळ सांगितलेल्या एका वाक्यातून निघत नाहीत.

पिशव्या काढण्याच्या प्रकाराबद्दलची तुमची शंका मी हलक्यात घेत नाही. ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये तरुण वयात मोठ्या संख्येने काढली गेल्याचे पुढे आल्यावर २०१९ साली राज्य सरकारला त्याच्या चौकशीसाठी समिती नेमावी लागली होती. ज्या जिल्ह्यातल्या बायकांनी हे सोसले, तिथली आई डॉक्टरांच्या शब्दावर सहज विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवू नयेही. पण या दोन गोष्टी कागदाशी ताडून पाहा. तिथे अंगावरून जाणे किंवा ओटीपोट दुखणे एवढ्यावरून 'पुढे कॅन्सर होईल' असा धाक घातला जाई आणि तिथल्या तिथे ऑपरेशन ठरे. तुमच्याकडे मोजमाप असलेली गाठ आहे, रक्तातल्या द्रव्याचा आकडा आहे, आणि ज्या डॉक्टरांनी ती शोधली त्यांनी स्वतः पोट उघडण्याची घाई न करता मोठ्या रुग्णालयात जाण्यास सांगितले आहे. मला ते प्रामाणिक वाटतात. दुसरे मत जरूर घ्या, मात्र ते काही दिवसांत घ्या आणि ते कर्करोगाच्याच डॉक्टरांचे असू द्या.

शस्त्रक्रियेपूर्वी त्या डॉक्टरांना चार गोष्टी विचारा, आणि विचारताना संकोचू नका. गाठ न फोडता, अखंड काढणार ना? कारण ती पोटात फुटली तर तिच्यातल्या पेशी सांडून आजाराचा टप्पा वाढू शकतो, आणि त्याच कारणाने अशा गाठीत बाहेरून सुई घालून तुकडा घेणेही टाळतात. गर्भाशय आणि डावे अंडाशय ठेवणार ना? या वयातल्या या आजारात, दुसरे अंडाशय चांगले दिसत असेल तर, आजार असलेल्या बाजूचेच अंडाशय काढतात आणि बाकीचे ठेवतात. ऑपरेशनआधी एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच या रक्तातल्या तिन्ही द्रव्यांचे आकडे घेतले आहेत ना? आणि काढलेल्या गाठीचे ब्लॉक व स्लाइड आम्हाला मिळतील ना? ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा छोटा तुकडा. पुढे दुसऱ्या रुग्णालयात जावे लागले, तर तिथले डॉक्टर सर्वांत आधी तोच मागतात, आणि तो हरवला तर निदान पुन्हा तपासता येत नाही.

कुठे जावे, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. दुर्मीळ आजार असेल तर तो वारंवार पाहणाऱ्यांकडेच जावे. तुम्हाला छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय सर्वांत सोयीचे आहे. बार्शीचे कर्करोग रुग्णालयही फार दूर नाही. आणि मुंबईत परळला टाटा रुग्णालय आहे. टाटात अशा मुली जास्त येतात, त्यामुळे अनुभव मोठा, पण गर्दी, मुक्कामाचा खर्च आणि पुढच्या औषधांसाठी दर तीन आठवड्यांची ये-जा हेही मोठेच. माझे मत असे की आधी संभाजीनगरला जावे, तिथल्या डॉक्टरांनी परळला पाठवले तर जावे, आणि परळला ऑपरेशन झाले तरी पुढची औषधे घराजवळ घेता येतील का हे तिथेच विचारावे. परळच्या नाना पालकर स्मृती समितीत आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत रुग्ण व नातेवाइकांच्या राहण्याची सोय होते. कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेच्या तिकिटात मोठी सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला घ्यावा लागतो.

पैशांचे म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे आणि कर्करोगाची शस्त्रक्रिया व केमो त्यात येतात. रुग्णालयात पोहोचल्यावर पैसे भरण्यापूर्वी या योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या खिडकीवर जा. शिधापत्रिका, मुलीचे आधार कार्ड, सोनोग्राफीचा अहवाल आणि डॉक्टरांची चिठ्ठी यांच्या मूळ प्रती आणि दोन-दोन झेरॉक्स जवळ ठेवा. शिधापत्रिकेवर मुलीचे नाव आहे की नाही, ते आजच उघडून पाहा. त्या एका नावासाठी परत गावी धावावे लागलेली कुटुंबे पुष्कळ आहेत.

उचलीचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो, कारण त्यात तुमच्या हातात थोडेच आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, तुम्ही मागे राहिलात की तो मोडतो, आणि अंगावर घेतलेली रक्कम तशीच राहते. तरीही हंगाम हुकला तर तो पुढच्या वर्षी पुन्हा येतो. तिच्या वडिलांनी मुकादमाकडे एकट्याने न जाता गावातल्या चार जाणत्या माणसांना घेऊन जावे, रुग्णालयाची चिठ्ठी दाखवावी आणि या वर्षी अर्धा कोयता धरून घ्यावा, किंवा नात्यातली दुसरी जोडी तुमच्या जागी देता येते का ते पाहावे. उचलीतला पैसा उपचारासाठी मोडू नका, योजना असताना त्याची गरज पडू नये. ऑपरेशनच्या आठवड्यात मात्र तुम्ही दोघेही लेकीजवळ असणे मला आवश्यक वाटते.

ऑपरेशननंतर गाठीचा अहवाल येईल आणि त्यावरून पुढचे ठरेल. काही प्रकारांत, गाठ अंडाशयापुरतीच असेल तर, नुसती देखरेख पुरते. तुमच्या लेकीचे एएफपी पाहता केमो लागण्याची शक्यता जास्त आहे. ती बहुधा दर २१ दिवसांनी एक याप्रमाणे तीन किंवा चार वेळा देतात. त्यातले मुख्य औषध सिसप्लाटिन. १९७० च्या दशकात ते वापरात येण्यापूर्वी पसरलेल्या आजारातून फार थोडे रुग्ण वाचत. आज अंडाशयातल्या या गाठी वेळेत सापडल्या आणि उपचार पुरे झाले, तर दहापैकी नऊहून अधिक मुली बऱ्या होतात. कर्करोगाच्या बाबतीत असे आकडे फार थोड्या ठिकाणी सांगता येतात, आणि म्हणूनच तुमच्या घरातला उशीर मला इतका सलतो. केमोमध्ये केस जातात आणि पुन्हा येतात. कान, मूत्रपिंड आणि फुप्फुसे यांच्यावर लक्ष ठेवावे लागते. त्या काळात तिला ताप आला तर घरगुती गोळीवर रात्र काढू नका. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना ताप म्हणजे तातडीने रुग्णालय. कोणी दिलेला झाडपाला किंवा भस्म केमोबरोबर देऊ नका, कारण त्याचा भार त्याच मूत्रपिंडांवर पडतो.

लग्न आणि मूलबाळ यांची चिंता तुम्ही दोन ठिकाणी लिहिली आहे. एका अंडाशयावर पाळी नियमित येते आणि मूलही होते. केमोच्या काळात काहींची पाळी थांबते, पण बहुतेकींची काही महिन्यांत परत सुरू होते, आणि या आजारातून बऱ्या झालेल्या पुष्कळ स्त्रियांना पुढे मुले झालेली आहेत. तरी केमो सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना याबद्दल मोकळेपणाने विचारा. पत्राच्या शेवटी एका नातेवाइकांनी 'बभ्रा होण्याआधी लग्न उरकून टाका' असे सुचवल्याचे तुम्ही ओझरते लिहिले आहे. त्यावर माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. ती १६ वर्षांची आहे, आजारी आहे, आणि कायद्याने तो गुन्हा आहे.

लेकीला अजून 'पाण्याची गाठ' असेच सांगितले आहे, हे वाचून मी जरा थांबले. विज्ञान शिकणारी मुलगी कर्करोग रुग्णालयाच्या दारावरची पाटी वाचेलच. ती तिथे एकटीने वाचण्यापेक्षा तुम्ही घरी सांगितलेली बरी. बरे होण्याचे आकडेही त्याच बैठकीत सांगा.

धाकट्या मुलासाठी रक्ताच्या किंवा स्कॅनच्या तपासण्या करण्याचे कारण नाही. मात्र प्रत्येक मुलग्याच्या बाबतीत पाहायची एक गोष्ट त्याच्याही बाबतीत पाहून घ्या : दोन्ही वृषण खाली पिशवीत उतरलेले आहेत ना? न उतरलेल्या वृषणात पुढे तरुणपणी ही गाठ होण्याची शक्यता इतरांपेक्षा अनेक पटींनी वाढते, आणि ते लहानपणी, शक्यतो दीड वर्षाच्या आत, शस्त्रक्रियेने खाली आणले तर धोका कमी होतो. 'मोठा झाला की उतरेल' म्हणून थांबण्यात अर्थ नाही. तरुण मुलांच्या घरातल्यांनी हेही सांगून ठेवावे की वृषणात न दुखणारी कडक गाठ किंवा जडपणा जाणवला तर लाजेने महिने घालवू नयेत. माकडहाडापाशी फुगवटा घेऊन जन्मलेले बाळ, पंधरा वर्षे उलटूनही पाळी न आलेली मुलगी, किंवा एकाएकी अतोनात तहान आणि लघवी सुरू होऊन डोके दुखणारा व नजर वर नेता न येणारा मुलगा, यांनाही डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे. आणि तान्ह्या बाळाच्या अहवालात एएफपी जास्त दिसले म्हणून घाबरू नये, कारण पहिल्या वर्षात ते निसर्गतःच जास्त असते. तो आकडा बालरोगतज्ज्ञांनी वयाच्या तक्त्याशी ताडूनच वाचायचा असतो.

तुमच्या लेकीच्या बाबतीत हाच आकडा पुढे तुम्हाला उपयोगी पडणार आहे. मोठ्या माणसाच्या रक्तात एएफपी मिलिलिटरमागे साधारण १० नॅनोग्रॅमच्या आत असते, आणि गाठ पूर्ण निघाली की ते दर पाच ते सात दिवसांनी निम्मे होत उतरते. एका वहीत तारीख आणि आकडा लिहीत जा, तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करा, आणि उतरता आकडा थांबला किंवा पुन्हा वर गेला तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. उपचार संपल्यावरही पहिली दोन वर्षे या तपासण्या चुकवू नका, कारण आजार परतला तर बहुधा त्याच काळात परततो आणि तेव्हाही तो बरा करता येतो. अकरावीच्या वर्गशिक्षकांना रुग्णालयाच्या दाखल्यासह अर्ज आताच द्या, म्हणजे गैरहजेरीमुळे तिचे नाव पटावरून कमी होणार नाही. केमोच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत बऱ्याच मुली बसून अभ्यास करू शकतात, तेव्हा निघताना तिची पुस्तके सोबत घ्या.